जाणाऱ्या माणसांची अदलाबदल

फेब्रुवारी उजाडला की आमच्या घरात आधी सईचं डोकं फिरतं आणि मग माझं.

खरं तर नाशकातले हे दिवस भांडायचे नव्हेत. ऊन कोवळं असतं, पहाटेची थंडी अजून भिंतींत मुरलेली असते, कोपऱ्यावरच्या हातगाडीवर द्राक्षं ओसंडत असतात आणि गाडीवाला येणाऱ्याजाणाऱ्याच्या तळहातावर चवीपुरता एकेक मणी ठेवत असतो. माणसानं खावं आणि गप्प बसावं. पण माझी मुलगी पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन फोनमध्ये नाक खुपसून बसते. अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघांना आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करायला जी मुदत असते, ती याच दिवसांत संपते. एकदा संपली की मोसम सरेपर्यंत अदलाबदल बंद. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन दिवसांत तिकडे झुंबड उडते आणि इकडे आमचे पोहे गार होतात.

"दिला एकदाचा," परवा ती म्हणाली.

"कोणाला?"

"तो उंच, दाढीवाला. नऊ वर्षं एकाच टीममध्ये होता. ही वॉज अ‍ॅन एक्स्पायरिंग, बाबा. उन्हाळ्यात कॉन्ट्रॅक्ट संपतंय त्याचं. फुकट जाऊ देण्यापेक्षा आत्ताच दुसऱ्याच्या गळ्यात मारला. स्मार्ट मूव्ह."

"आणि घेणाऱ्याला काय वेड लागलंय?"

"घेणाऱ्याला तो नकोच आहे. त्याचं संपणं हवंय. उन्हाळ्यात तो गेला की यांची एक जागा मोकळी. मग हवा तो माणूस आणता येतो."

"त्याला विचारलं का कुणी?"

"कुणाला?"

"अगं, त्या दाढीवाल्याला!"

सईनं पहिल्यांदाच मान वर केली. "बाबा, इट्स जस्ट बिझनेस. तुम्ही काय चिडताय?"

चिडू नको तर काय करू? जाणाऱ्या माणसाला त्याच्या जाण्यामुळेच भाव येतो, हे मला पोरीनं पोह्यांवर शिकवायची गरज नव्हती. ते मी सौदीत, रास तनुऱ्याच्या रिफायनरीजवळच्या एका सिमेंटच्या मैदानावर शिकलो होतो. नुसतं शिकलो नव्हतो, करून दाखवलं होतं. मुदतीच्या आदल्या दिवशी.

आखाताच्या काठावरचा हिवाळा ज्यानं पाहिला नाही त्याला वाळवंट म्हणजे बाराही महिने भट्टी वाटते. नोव्हेंबर सरला की समुद्रावरून धुकं चालून यायचं. मी खोबरला राहायचो आणि नोकरी रास तनुऱ्याला. सकाळी कंपनीच्या बसमधून जाताना खारवट जमिनीवर धुक्याची चादर अंथरलेली असायची आणि तिच्या पलीकडे रिफायनरीची ज्योत नुसती केशरी डागासारखी दिसायची. बाकी सगळं गायब. बसमध्ये कानटोप्या घातलेली माणसं गरम खुब्जची रोटी वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरून बसलेली. वारा फिरला की गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास यायचा. पहिल्या वर्षी मी नाकाला रुमाल लावायचो. चौथ्या वर्षी तो वास आला नाही तर काहीतरी बंद पडलंय की काय, अशी शंका यायची.

हिवाळा म्हणजे आमची लीग. रिफायनरीच्या कामावर आठ ठेकेदार कंपन्या होत्या आणि त्यांच्या कामगारांचा एक मोठा कॅम्प. त्यात फिलिपिनो मंडळी शेकड्यांनी, आणि फिलिपिनो माणूस दोन गोष्टींवाचून राहू शकत नाही, भात आणि बास्केटबॉल. मेसच्या मागं त्यांनी मैदान घातलं होतं. खांब आणि रिंग त्यांच्याच वेल्डरांनी उरलेल्या पाइपांतून जोडून काढलेली, रेघा पाइपलाइनच्या पिवळ्या रंगानं मारलेल्या. गुरुवारी संध्याकाळी, आठवड्याचं काम संपलं की सामने. मी नाशिकचा जयंत देवरे, प्लॅनिंग इंजिनिअर. आयुष्यात कधी बास्केटबॉलला हात लावला नव्हता. पण "सर, तुमचं अक्षर चांगलं आहे" असं म्हणून मला आमच्या कंपनीच्या संघाचा मॅनेजर केलं. अक्षराचा आणि मॅनेजरकीचा संबंध मला अजून कळलेला नाही.

आमच्या संघाचा कणा होता रोडेल. वेल्डिंग इन्स्पेक्टर, वय एक्केचाळीस, मुलुख फिलिपिन्समधलं बतांगास. उंची बेताची, गुडघ्याला कायम पट्टी. पण समुद्रावरून शमाल वारा सुटला की बाकीच्यांचे चेंडू भलतीकडे जायचे आणि रोडेल बोट ओलं करून हवेत धरायचा, दीड हात डावीकडे नेम धरायचा, आणि चेंडू वाऱ्यावर वळून रिंगेत. कॅम्पात बायकामुलांना येऊ देत नसत, म्हणून सईनं त्याचा खेळ कधी पाहिला नाही. पण एका शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला आला होता. आमच्या इमारतीच्या आवारात एक मोडकी रिंग होती, तिथं त्यानं तासभर तिला चेंडू टाकायला शिकवलं. "रोडेल अंकल सेज, डोंट लुक अ‍ॅट द बॉल," हे वाक्य तिनं मग वर्षभर आम्हाला ऐकवलं. सहावीत होती तेव्हा.

दहा वर्षं रोडेल आणि मी एकाच साइटवर होतो. तो मला सर म्हणायचा, मी त्याला रोडेल. त्याच्या खोलीत धाकट्या मुलाचा फोटो होता, पाच वर्षांचा. बायको हाँगकाँगला घरकामाला जायचं म्हणत होती, कागदपत्रंही तयार होती तिची. पण धाकटा फार लहान म्हणून हा तिला थांबवून धरत होता. "माझी नोकरी आहे तोवर तिनं जायचं कारण नाही, सर," एवढंच तो म्हणायचा.

आणि ती वर्षं कसली होती? निताकतची. ज्या कंपनीत सौदी माणसं पुरेशी ती हिरवी, कमी पडली की पिवळी, आणखी कमी की लाल. शाळेतल्या पोरांच्या प्रगतिपुस्तकासारखं कंपन्यांना रंग दिलेले. रंग उतरला की व्हिसा अडले, इकामे म्हणजे राहण्याचे परवाने अडले. धोरण त्यांच्या देशाचं, त्यांच्या पोरांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून केलेलं; त्यात वावगं काय? माझ्या देशात मी हेच मागितलं असतं. वैताग होता तो वेगळाच. कोण राहणार आणि कोण जाणार हे कुणी सांगतच नव्हतं. एखाद्याचा करार फेब्रुवारीअखेर संपणार, तर फेब्रुवारीच्या पंचविसाव्या दिवसापर्यंत पर्सोनेलचा मुदीर, म्हणजे तिथला साहेब, त्याला सांगायचा, "बुक्रा, इन्शाल्ला." उद्या. त्या उद्यावर माणसांनी पोरांची शाळा ठरवायची, घराचं भाडं ठरवायचं, म्हातारीचं ऑपरेशन ठरवायचं. उद्या यायचा, मुदीर चहा पाजायचा आणि पुन्हा उद्याकडे बोट दाखवायचा. गोड माणूस. गळा दाबावासा वाटेल इतका गोड.

माझ्याही टेबलासमोर त्या हिवाळ्यात दुसरं टेबल आलं आणि त्यावर फैसल. शेजारच्याच गावचा, तेवीस वर्षांचा, सौदी ट्रेनी. मी त्याला कामाचं वेळापत्रक मांडायला शिकवायचं. तो साडेनऊला यायचा, साडेदहापर्यंत फोनवर बोलायचा, मग एकदम येऊन असा प्रश्न विचारायचा की मला खुर्चीत सरळ बसावं लागायचं. हुशार होता, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. बथ्थड असता तर निश्चिंत तरी राहिलो असतो.

लीगचा एक जुना नियम होता. संघात बारा नावं, आणि ज्याचा करार पुढं चालू आहे त्याची जागा पुढच्या मोसमातही पक्की. पिकलेल्या माणसाला मॅनेजरनं उगाच काढून टाकू नये म्हणून कुणा दयाळू माणसानं हा नियम घातला होता. झालं उलटंच. ज्याचा करार संपतोय तो देशी परतला की त्याची जागा मोकळी होणार, म्हणून तळाचे संघ जाणारी माणसं गोळा करायला लागले, म्हणजे पुढच्या वर्षी नव्या दमाची भरती करता येते. आणि वरच्या संघांना ती माणसं नकोशी, कारण फायनल मार्चमध्ये, तोवर ती विमानात. संघ कंपन्यांच्या नावाचे असले तरी खेळाडू आपापसांत बदलता यायचे; त्या अदलाबदलीची मुदत जानेवारीचा शेवटचा गुरुवार. त्याआधीच्या आठवड्यात मेसमध्ये मॅनेजर लोक भाताच्या ताटांवर वाकून कुजबुजायचे, "तुझ्याकडे जाणारे किती?" आता लिहिताना लाज वाटते. तेव्हा आम्ही हसायचो.

जाणारे गोळा करण्यात इक्बालभाई परकारांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. रत्नागिरीकडचे, दुसऱ्या कंपनीत बसगाड्यांचं बघायचे, पंचवीस वर्षं सौदीत काढलेली. त्यांचा संघ कायम तळाला आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. मराठी बोलायला मिळावं म्हणून आम्ही दोघं मैदानाच्या कडेला सुलेमानी चहा घेऊन बसायचो. मुदतीच्या दोन दिवस आधी त्यांनी विषय काढला.

"देवरे, तुझा तो इन्स्पेक्टर जातोय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणायला हवा? करार फेब्रुवारीअखेर संपतो ना त्याचा? तुमची कंपनी पिवळ्यात गेलीय. जुनी माणसं कमी करणारच. माझ्याकडं तो एडविन हाय बघ, फोर्कलिफ्टवाला. चोवीस वर्षांचा घोडा. दोन वर्षांचा करार हाय त्याचा. घे त्याला, आणि हा मला दे."

"एडविन तुम्ही देताय? तुमच्याकडं खेळता येणारा तेवढा एकच आहे."

"त्याला ठेवून मी काय करू? पुढच्या वर्षी माझ्याकडं दहा नवे डायवर येतायत. जागा नको काय?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. आणि विचार कसला केला? दुसऱ्या दिवशी सकाळी मनुष्यबळाचा तक्ता उघडला. पुढच्या तिमाहीत कुठल्या कामाला किती माणसं, हे मांडण्याचं काम माझंच. पर्सोनेलकडून त्याचा अर्धा भाग भरून यायचा, कुणाचा करार कधीपर्यंत. तक्ता गोपनीय. मी रोडेलच्या बॅज नंबरवर बोट ठेवून उजवीकडे सरकत गेलो. त्याच्या वरच्या माणसापुढं तारीख होती, खालच्यापुढं तारीख होती. रोडेलची चौकट कोरी.

मी मुदीरला फोन केला. "बुक्रा," तो म्हणाला.

"दुसऱ्यांबद्दल विचारलं तेव्हा पण तुम्ही बुक्राच म्हणाला होतात."

"मिस्टर जयंत," तो हसून म्हणाला, "उद्या रोजच असतो."

मी फोन आपटला. त्या रागात मला केवढं शहाणपण सुचलं! कंपनी सांगत नाही ना, मग आपण आपलं पाहावं. रोडेल जाणारच आहे. फायनलला तो नसणार. संघ बाकीच्या अकरा जणांचाही आहे. सगळे मुद्दे बिनतोड होते. एकच करायला हवं होतं. वेल्डिंगच्या शेडपर्यंत चालत जायचं, दोनशे पावलं असतील, आणि त्याला म्हणायचं, "रोडेल, मला असं असं वाटतंय, तू काय म्हणतोस?" पण तक्ता गोपनीय होता. शिवाय त्याचं तोंड बघवलं नसतं. गोपनीय हा शब्द अशा वेळी माणसाला फार उपयोगी पडतो. मी सही केली, इक्बालभाईंनी सही केली, आणि यादी शनिवारी सकाळी मेसच्या फळ्यावर लागली.

रोडेल दहाच्या सुमारास माझ्या केबिनमध्ये आला. हेल्मेट काखेत, हातात मोजे. समोरच्या टेबलावर फैसल होता. रोडेल बसला नाही.

"सर, माझे किती दिवस राहिलेत?" त्यानं विचारलं.

"कसले दिवस? अरे, तो फक्त खेळ आहे. संघाचा समतोल बघावा लागतो."

"तक्ता तुम्ही करता, सर. सगळ्या कॅम्पाला माहीत आहे. तुम्ही मला जाणाऱ्यांत टाकलंत म्हणजे तुम्ही काहीतरी पाहिलंय."

"मी काही पाहिलेलं नाही."

त्यानं मोजे खिशात कोंबले. मग म्हणाला, "दहा वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही मला उत्तर देताना कागदांकडे बघताय." आणि हेल्मेट डोक्यावर चढवून गेला. फैसलनं ते सगळं ऐकलं होतं. फोनसुद्धा त्या दिवशी त्यानं घेतला नाही.

घरी मी विषय काढणार नव्हतो, पण सईला गुरुवारचा निकाल हवा असायचा. मी म्हटलं, रोडेल अंकल आता दुसऱ्या टीमकडून खेळणार.

"व्हाय? त्यांना जायचं होतं?"

"नाही. मीच दिलं त्यांना."

"यू गेव्ह हिम?" ती म्हणाली. बायको भाकरी करत होती, तिचा हात थांबला. भाकरी त्या दिवशी अंमळ करपली.

पुढचं सगळं भराभर झालं. रोडेलनं त्याच संध्याकाळी घरी फोन केला. नोकरी चालली म्हणून सांगितलं. बायको शहाणी बाई, रडत बसली नाही. चार दिवसांत तिनं हाँगकाँगच्या दोन वर्षांच्या करारावर सही केली. धाकट्याला तिच्या आईकडे ठेवायचं ठरलं. हे मला कॅम्पातल्या दुसऱ्या एका फिलिपिनोनं सांगितलं, आणि सांगताना तो, ही बातमी मला आवडेल अशा सुरात म्हणाला, "बरं झालं सर, तुमच्यामुळे तिला वेळेवर कळलं."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पर्सोनेलमधून कागद आला. रोडेलचा करार दोन वर्षांनी वाढवला होता. वेल्डिंग इन्स्पेक्टर सहजासहजी मिळत नाही, त्याला कंपनी सोडणारच नव्हती. मी तडक मुदीरच्या खोलीत गेलो.

"मग ती चौकट कोरी का होती?"

"कुठली चौकट?"

मी तक्ता त्याच्यापुढं आदळला. त्यानं चष्मा लावला, निरखून पाहिलं, आणि म्हणाला, "अच्छा, ही? क्लार्क सुट्टीवर होता. भरायची राहिली. माअलेश." हरकत नाही म्हणे. मग त्यानं चहा मागवला.

मी कुणावर चिडायचं होतं? मुदीरवर? त्या क्लार्कवर, जो बिचारा बहिणीच्या लग्नाला गेला होता? निताकतवर? इक्बालभाईंवर? त्या हिवाळ्यात मी सगळ्यांवर आळीपाळीनं चिडून पाहिलं. इक्बालभाईंना तर मैदानावर सगळ्यांसमोर बोललो. ते शांतपणे म्हणाले, "देवरे, मी माणूस मागितला. तो तुझा होता. देत नाही म्हणायला तुला तोंड होता ना?" मी त्यांच्याशी महिनाभर मराठीत बोललो नाही. हिंदीत बोलायचो, कामापुरतं. शिक्षा कुणाला होत होती कोण जाणे.

रोडेलच्या बायकोला सही मागं घेता येईना. सही केलेली बाई ऐनवेळी आली नाही तर पुढं कुठलीच एजन्सी तिला दारात उभी करत नाही, असं तो कुणालातरी सांगत होता. मला त्यानं काहीच सांगितलं नाही. साइटवर भेटला की "गुड मॉर्निंग, सर," वेल्डचे रिपोर्ट वेळेवर, सह्या जागच्या जागी. इतक्या सौजन्यानं वागायचा की शिवी दिली असती तर मी उपकार मानले असते.

आणि फायनल आम्ही जिंकलो! हेच मला अजून सहन होत नाही. हरलो असतो तर हिशेब चुकता झाल्यासारखं वाटलं असतं. एडविन वाघासारखा खेळला. वारा अजिबात नव्हता, मार्चची सुखद संध्याकाळ, प्रखर दिव्यांखाली पिवळ्या रेघा चमकत होत्या आणि पोरं पातेली बडवत होती. इतर मॅनेजर मला येऊन भेटत होते. "देवरे, काय वेळेवर डाव टाकलास!" सगळे मला हुशार म्हणत होते. सईच्या भाषेत स्मार्ट मूव्ह. मी कप घेऊन मेसच्या बाजूनं निघालो तर बाकावर रोडेल बसला होता, कानाला फोन. त्याच दिवशी बायको हाँगकाँगला गेली होती. तो धाकट्याशी बोलत होता. त्यांची भाषा मला येत नाही, पण एकच शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, पोराला निजवताना थोपटावं तशा लयीत. माझ्या हातात तो चकाकता कप. मी तो पाठीमागं लपवला आणि लांबच्या वाटेनं पार्किंगकडे गेलो.

"मग?" सई म्हणाली. तिच्या पोह्यांवरची कोथिंबीर सुकली होती. "यू नेव्हर टोल्ड मी धिस."

"तुला काय सांगणार? तू सहावीत होतीस."

"पण तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात की नाही?"

हाच प्रश्न मी स्वतःला दीड महिना विचारत होतो. रोज सकाळी बसमध्ये ठरवायचो, आज बोलायचं. धुकं कधीच संपलं होतं, खजुरांना नवे तुरे आले होते, दुपारचं ऊन डोळ्यांत खुपायला लागलं होतं. साइटवर पोचलो की काहीतरी काम निघायचं. बुक्रा. मुदीरला मी नावं ठेवत होतो आणि माझ्याच तोंडात त्याचा शब्द बसला होता.

एप्रिलच्या एका बुधवारी फैसल साडेसातला आला. मी घड्याळाकडे बघितलं. त्याच्या हातात चहाचे दोन पेले होते. एक माझ्यापुढं ठेवला आणि खुर्ची असून उभाच राहिला.

"मिस्टर जयंत, शनिवारी तुम्हाला पत्र येणार आहे," तो म्हणाला. त्याचं इंग्रजी अडखळत होतं, एरवीपेक्षा जास्त. "तुमचा करार जूननंतर नाही. तुमचं काम मला देणार. मी त्यांना म्हटलं, पत्र नंतर पाठवा. आधी मी सांगतो."

पुष्कळ गोष्टी तोंडाशी आल्या होत्या, त्यातली एकही त्या पोराला बोलण्यासारखी नव्हती.

"ते म्हणाले, हे गोपनीय आहे," तो पुढं म्हणाला. "मी म्हटलं, त्यांनी मला शिकवलंय. त्यांनी फळ्यावर वाचू नये."

फळा. त्यानं मुद्दाम म्हटलं की सहज, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. मी उठलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "शुक्रान, फैसल" म्हणालो, आणि वेल्डिंगच्या शेडकडे चालायला लागलो. दोनशे पावलं असतील असं वाटायचं. एकशे साठच होती.

शेडमध्ये ग्राइंडरचा आवाज होता. रोडेल एका पाइपच्या जोडावर टॉर्च धरून वाकला होता. मी त्याला बाहेर बोलावलं. सावलीत दोन सिलिंडर आडवे होते, त्यावर बसलो.

"रोडेल, माझा करार संपला. जूनमध्ये जातोय."

"ऐकून वाईट वाटलं, सर," तो म्हणाला. आणि त्याला खरंच वाईट वाटलं होतं. एवढ्या सगळ्यानंतरही.

"ते सांगायला आलो नाही. तो तक्ता मी पाहिला होता. तुझी चौकट कोरी होती आणि मी ती माझ्या सोयीनं वाचली. तुला विचारलं नाही. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो. तुझी बायको माझ्यामुळे गेली."

तो मोजे काढून गुडघ्यावर ठेवत होता. एक, मग दुसरा. मला वाटलं, तो आता "इट्स ओके, सर" म्हणेल. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी ते हजारदा ऐकलं होतं. तो तसं म्हणाला नाही.

"हे मला माहीत होतं, सर," तो म्हणाला. "तिला माहीत नाही. तिला वाटतं, मी घाबरून खोटं सांगितलं. नोकरी जाणार नव्हतीच, मी उगाच घाई केली, असं म्हणते ती. महिनाभर आमचं नीट बोलणं नाही."

त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि माझ्यापुढं धरला.

"तुम्ही सांगा."

मी फोन कानाला लावला. तिकडे रिंग वाजत होती, मग एकदम बाईचा आवाज, मागं कुणाचंतरी लहान मूल रडतंय, ज्याला सांभाळायला ती गेली होती ते. मी माझं नाव सांगितलं. मग सगळं सांगितलं, तक्ता, कोरी चौकट, फळा, खोटं. माझं इंग्रजी फैसलपेक्षा जास्त अडखळत होतं. माझं संपलं तेव्हा ते मूल गप्प झालं होतं.

"सर, तुम्हाला मुलं किती?" तिनं विचारलं.

"एक मुलगी."

"तुमच्यापाशीच असते?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. "आता फोन रोडेलला द्या."

मी फोन त्याच्या हातात दिला आणि उठून उन्हात जाऊन उभा राहिलो.